दरवाजा कुणी हलवला?

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात १९८३ साली कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि २०१८ साली उपअभियंता म्हणून बाहेर पडलो. त्यातली सहा वर्षं मुंबईत मंत्र्यांच्या बंगल्यांवर गेली, चार नागपूरला. गेल्या अंकात गच्चीच्या गळतीबद्दल लिहिताना सहज लिहून गेलो की, सरकारी बंगल्याची गळती छपरातून होत नाही. त्या एका वाक्यावर, म्हणजे बंगल्यांवरच्या सरकारी खर्चावर, इतकी पत्रं आली की या वेळी ओल, भेगा, वॉटरप्रूफिंग सगळं बाजूला ठेवलं आहे. गच्चीवाल्यांनी महिनाभर थांबावं. पाऊस संपलाय, घाई नाही.

दर डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं आणि त्याआधी दरवर्षी मंत्र्यांच्या बंगल्यांना रंग लागतो. आमच्या घराला सात वर्षांत रंग नाही. तिथला रंग वर्षात उडतो का हो? (एक वाचक, हिंगणघाट)

उडत नाही. चांगला बाहेरचा रंग चार-पाच वर्षं सहज टिकतो, नागपूरच्या उन्हातसुद्धा. पण आधी दुसरी बाजू सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही.

१९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातलं एक अधिवेशन तिथे भरतं. त्यासाठी मुख्यमंत्र्यांना रामगिरी, उपमुख्यमंत्र्यांना देवगिरी, मंत्र्यांना रविभवन, राज्यमंत्र्यांना नागभवन, आमदारांना आमदार निवास. अधिवेशन चालतं दोन आठवडे, कधी त्याहून कमी. उरलेले महिने यातल्या बऱ्याच खोल्या बंद. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खराब होतं, हे ज्यांचं गावाकडे घर आहे त्यांना सांगायला नको. न्हाणीघरातल्या जाळ्यांखालचं पाणी सुकतं आणि गटाराचा वास थेट खोलीत येतो. नळाचे वायसर कडक होतात. माळ्यावर कबुतरं, चौकटीला वाळवी, गाद्यांना ओल. एका नोव्हेंबरात मी कुलूप उघडलं तर गिझरमध्ये मुंग्यांनी वारूळ केलेलं होतं. तेव्हा दरवर्षी काहीतरी खर्च होणारच, आणि तो रास्त आहे.

रंगाचं मात्र वेगळं आहे. भिंत बांधली तर तिची लांबी-रुंदी दहा वर्षांनीही मोजता येते. फरशीचे तुकडे मोजता येतात. रंगाचे थर मोजता येत नाहीत. खरवडून एक हात प्रायमर, दोन हात रंग असं अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं. आठवड्याने कुणी पाहणीला आलं तर त्याला दिसते फक्त नवी भिंत. खाली खरवडलं होतं की नाही, हात दोन दिले की एक, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच ठाऊक. घाईचं काम, तारीख ठरलेली, आणि मोजता न येणारी बाब, अशी तिन्ही एकत्र आली की खर्चाला पाय फुटतात. प्रत्येक वेळी गैरव्यवहार होतोच असं मी म्हणत नाही. झाला तरी पकडता येत नाही, एवढं खात्रीने सांगतो.

२०२० आणि २०२१ मध्ये हिवाळी अधिवेशन नागपूरला झालंच नाही. २०२२ साली पुन्हा झालं. या तीन वर्षांतली रंगकामाची देयकं कुणी शेजारी शेजारी मांडून पाहिली तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं मिळेल.

मंत्र्यांच्या सगळ्या बंगल्यांवर मिळून राज्याचा वर्षाला नेमका किती खर्च होतो? एकच आकडा द्या, फिरवाफिरवी नको. (डोंबिवली)

एकच आकडा कुठल्याही एका कागदावर नाही. ही फिरवाफिरवी नाही, खरी अडचणच ही आहे.

एक बंगला घ्या. त्याची दुरुस्ती २२१६ या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातला खर्चाचा कप्पा), म्हणजे गृहनिर्माण. नवीन खोली काढली तर ती भांडवली, ती ४२१६ मध्ये. बंगल्यातच कार्यालय असेल तर त्या भागाचं काम २०५९ खाली, सार्वजनिक बांधकामे. मंत्र्यांचं वेतन, कर्मचारी, पाहुण्यांचा चहा हे २०१३, मंत्रिपरिषद. दारावरचा पोलीस २०५५. विजेचं काम खात्याच्या विद्युत शाखेकडे, त्याची निविदा निराळी. बाग निराळी. हे सगळे आकडे अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत छापलेले असतात, पण बंगल्यानिहाय नव्हे. एका ओळीत सगळ्या इमारतींची देखभाल. त्यात मलबार हिलचा बंगला आणि तालुक्याच्या ठिकाणचं शिपायाचं क्वार्टर एकाच पोत्यात.

वरून पुरवणी मागण्या असतात. मार्चमध्ये जे मंजूर झालं त्यावर जुलै आणि डिसेंबरात भर पडते. त्या भरीची चर्चा किती मिनिटं होते ते एकदा विधिमंडळाचं कामकाज पाहून मोजा.

राज्यपालांच्या निवासस्थानाचं याहून वेगळं. तो खर्च २०१२ खाली आणि संविधानाच्या २०२ व्या अनुच्छेदाप्रमाणे 'भारित'. म्हणजे त्यावर सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. त्यामागे हेतू चांगला होता. राज्यपालाच्या पगारावरून कुणी सरकारने त्याला वेठीला धरू नये म्हणून ही तरतूद.

मंत्री घरभाडं भरतात का? लाइटबिल? (कराड)

नाही आणि नाही. पदावर असेपर्यंत आणि पद गेल्यावर १५ दिवस बंगला बिनभाड्याचा. देखभालीचा खर्चही त्यांच्या खिशातून नाही. केंद्रातल्या मंत्र्यांना १९५२ च्या कायद्याने एक महिना मिळतो. मुदत संपल्यावर दंडाचं भाडं लागतं. ते वसूल होतं का हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आणि पद गेलं तरी बंगला जन्मभर ठेवायचा, हा प्रकार उत्तर प्रदेशने माजी मुख्यमंत्र्यांसाठी कायद्यात घातला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१८ रोजी तो रद्द केला. पद सोडलं की तोही इतरांसारखा नागरिक, असा त्या निकालाचा गाभा.

मी निवृत्त शिक्षिका आहे. एका सरकारी निवासस्थानाच्या नूतनीकरणावर किती व का खर्च झाला, असा माहितीचा अर्ज केला. 'सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. पुढे काय? (चिपळूण)

बाई, तुमच्या अर्जात एकच शब्द चुकला. 'का'.

माहिती अधिकाराच्या कायद्यात माहिती म्हणजे जे अभिलेखात आहे ते. अधिकाऱ्याने तुम्हाला कारण समजावून सांगावं अशी सक्ती नाही. 'का खर्च झाला' विचारलं की त्याला पळवाट मिळते. कागदांची नावं घेऊन नकला मागा, म्हणजे त्याला एकतर नक्कल द्यावी लागते नाहीतर कागद नाही असं सहीनिशी सांगावं लागतं. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, तेव्हा मोजके कागद निवडा. मी तुमच्या जागी असतो तर हे मागितले असते.

आधी अंदाजपत्रक आणि त्यावरची प्रशासकीय व तांत्रिक मान्यता. मग करारनामा. मग मोजमाप पुस्तिकेच्या त्या कामाच्या पानांच्या नकला. बाहेर तिला एमबी म्हणतात. निविदा, जाहिराती, बैठकांची इतिवृत्तं यांत शोभा फार असते. खरं काय ते एमबीत. कुठल्या खोलीत किती चौरस मीटर, कुठल्या तारखेला, कुणी मोजलं, कुणी तपासलं. तिच्या सोबत जादा बाबींची यादी मागा. आमच्या बी-१ नमुन्याच्या करारात ३८ क्रमांकाचं कलम आहे. एखाद्या बाबीचं परिमाण निविदेतल्यापेक्षा पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढलं तर वरच्या भागाचं काय करायचं ते त्यात सांगितलं आहे. 'क्लॉज अडतीसची केस' असा शब्द कानावर आला की समजावं, काम पहिल्या अंदाजाच्या बरंच पुढे गेलं. मूळ आकडा आणि शेवटचा आकडा यांच्यामधली सगळी गोष्ट त्या यादीत असते.

आता एक कागद जो कुणी मागत नाही. निघालेल्या साहित्याचा हिशेब. जुन्या बंगल्यांत बर्मा सागवानाच्या चौकटी आहेत, पितळी कड्या आहेत, आज कुठे मिळणार नाहीत अशा फरशा आहेत. नवीन बसवलं म्हणजे जुनं निघालं. ते जडवस्तू संग्रह नोंदवहीतून (डेड स्टॉक रजिस्टर) कमी झालं का, त्याचं निर्लेखन, म्हणजे रीतसर बाद करणं, झालं का, लिलाव झाला का, त्याची रक्कम जमा झाली का? नव्या सोफ्याची किंमत वाचून लोक संतापतात. जुना सोफा कुणाच्या घरी गेला हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर ते पूर्ण खोटं नाही. खोल्यांचा नकाशा, कॅमेऱ्यांच्या जागा, मागचं दार कुठे उघडतं हे देऊ नये हे मलाही पटतं. पण फरशीचा दर कळल्याने कुणाच्या जिवाला धोका होत नाही. कायद्याच्या १० व्या कलमात याचीच सोय आहे. जो भाग देता येत नाही तो वगळून उरलेला द्यायचा. तुम्ही ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. त्यात कलम १० चा उल्लेख करा आणि लिहा की नकाशा नको, एमबीची पानं हवीत. तिथेही नकार आला तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे वेळ लागतो. तब्येत सांभाळून लागा.

आणि शेवटी, ज्या पत्राने हे काम सुरू झालं ते मागणीचं पत्र मागा. याबद्दल खाली शेवटच्या प्रश्नात बोलतो.

माझी मुलगी डर्बनला असते. ती म्हणते, तिकडे एका राष्ट्राध्यक्षाला घरावरच्या खर्चाचे पैसे परत करायला लावले. आपल्याकडे असं का होत नाही? (पुणे)

तिने खरंच सांगितलं. दक्षिण आफ्रिकेत तिच्याच प्रांतातलं प्रकरण आहे ते, एनकांडला गावचं. जेकब झुमा राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या खासगी घरी 'सुरक्षा सुधारणा' झाल्या. सार्वजनिक संरक्षक म्हणून तिथे सरकारी गैरकारभाराची चौकशी करणारं एक संवैधानिक पद आहे. त्यावर असलेल्या थुली मॅडोन्सेला यांनी मार्च २०१४ मध्ये अहवाल दिला. एकूण खर्च साधारण २४.६ कोटी रँडवर (रँड हे तिकडचं चलन) जाईल असा त्यात अंदाज होता. सुरक्षेच्या नावाखाली झालेल्या कामांत गुरांचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं, पाहुण्यांचं दालन, प्रेक्षागार आणि पोहण्याचा तलाव.

तलावावर मी इंजिनीअर म्हणून फिदा आहे. सरकारी कागदावर त्याचं नाव 'अग्नितलाव'. आग लागली तर पाणी हवं म्हणून! २०१५ साली तिथल्या पोलीसमंत्र्यांनी पत्रकारांना चित्रफीतसुद्धा दाखवली, अग्निशमनचे जवान त्यातलं पाणी उपसून फवारताना. बाबीला योग्य नाव दिलं की ती मंजूर होते, ही विद्या जगभर सारखी आहे. आमच्याकडे कारंज्याला 'वायुशीतलीकरणास पूरक जलरचना' म्हटलेलं मी स्वतः वाचलं आहे.

अहवालात मला दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. झुमांचा खासगी वास्तुविशारदच सरकारी कामाचाही मुख्य झाला होता. घरमालकाचा माणूस आणि सरकारचा माणूस एकच. मग 'हे नको' म्हणणार कोण?

३१ मार्च २०१६ रोजी तिथल्या संवैधानिक न्यायालयाने एकमताने निकाल दिला. राष्ट्राध्यक्षांनी संविधान पाळलं नाही, आणि सुरक्षेशी संबंध नसलेल्या कामांचा वाजवी हिस्सा भरावा. अर्थखात्याने तो हिस्सा ७८ लाख रँड ठरवला. २४.६ कोटींपुढे ७८ लाख म्हणजे तीन टक्क्यांहून जरासे जास्त. तेही त्यांनी एका बँकेचं कर्ज काढून भरले. त्याआधी शिस्तभंगाची कारवाई कुणावर सुरू झाली होती माहीत आहे? सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बारा कर्मचाऱ्यांवर. वाचलं तेव्हा मला त्या बाराजणांची नावं माहीत नसूनही ओळखीचे वाटले.

आपल्याकडे तसं संवैधानिक पद नाही. कॅग आहे, महालेखापालांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत, अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि लोकलेखा समितीकडे जातो. पण लेखापरीक्षण निवडक नमुने घेऊन होतं, आणि कागद बरोबर आहे का हे पाहतं. काम हवं होतं का, हे पाहायला कागदात काहीतरी असावं लागतं.

सर, मी गेल्या वर्षी स्पर्धा परीक्षेतून खात्यात रुजू झालो. निवासस्थानांचं काम माझ्याकडे आहे. बदल करायला तोंडी सांगतात, सही माझी लागते. तुमच्या वेळी तुम्ही काय केलं होतं? खरं सांगा. (नाव-गाव छापू नये)

खरं सांगतो. मी वाळवी लिहिली.

मुंबईतल्या एका बंगल्याचा मुख्य दरवाजा दक्षिणेला होता. नवे मंत्री आले. आठवड्याने त्यांच्या पीएचा निरोप आला, दरवाजा पूर्वेला हवा. पत्र नाही, चिठ्ठी नाही. मी कार्यकारी अभियंत्यांना विचारलं. ते म्हणाले, 'करून टाका, बघू.' भिंत फोडली, लिंटेल टाकलं, चौकट हलवली. आता अंदाजपत्रकात कारण काय लिहायचं? 'वास्तुशास्त्र' असं लेखाशीर्ष नाही. मी लिहिलं, 'वाळवीग्रस्त चौकट बदलणे व अनुषंगिक कामे.' चौकट बर्मा सागवानाची होती. वाळवीचे दात पडले असते.

अडीच वर्षांनी खातेबदल झाला. दुसरे मंत्री आले. त्यांच्या घरच्यांना पूर्वेच्या दारातून थेट रस्त्यावरचे लोक दिसायचे. दार पुन्हा दक्षिणेला. मी पुन्हा वाळवी लिहिली. तिसऱ्यांनी दार जागीच ठेवलं, फक्त बाहेर पडवी बांधून तोंड ईशान्येला वळवलं. सहा वर्षांत एक दार तीनदा फिरलं आणि एमबीत तिन्ही वेळा सही माझी. मंत्र्यांची नाही, पीएची नाही, 'बघू' म्हणणाऱ्या साहेबांची फक्त मंजुरीच्या पानावर.

मग एजीचं, म्हणजे महालेखापालांचं, ऑडिट आलं. लेखापरीक्षक तरुण होता, चश्मा पुसत म्हणाला, 'एकाच चौकटीला एवढ्या थोड्या काळात दोनदा वाळवी?' मी गप्प. त्याला कळलं होतं, मला दिसत होतं. पण त्याच्यापुढच्या कागदात दरवाजा हलवायला कुणी सांगितलं हे कुठेच नव्हतं. त्यामुळे त्याने जे लिहिता येत होतं ते लिहिलं: पहिल्या वेळीच वाळवीप्रतिबंधक उपचार न केल्याने शासनाचा दुबार खर्च झाला, जबाबदारी निश्चित करावी. ती माझ्यावर निश्चित झाली. नसलेल्या वाळवीवर औषध न मारल्याबद्दल माझ्या पगारातून अकरा महिने कपात झाली. घरी मी सोसायटीचं कर्ज काढलंय असं सांगितलं होतं. बायकोला हे पहिल्यांदा या अंकात कळेल.

तर तुम्ही काय करायचं. नकार द्या असं मी सांगणार नाही, मी दिला नव्हता आणि तुमचं प्रोबेशन चालू आहे. वर्तणुकीच्या १९७९ च्या नियमांत तिसरा नियम काढा. वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी हवा, आणि तोंडी द्यावाच लागला तर त्याने नंतर लेखी दुजोरा द्यायचा असतो. इथे गोम अशी की बंगल्यातून येणारा निरोप तुमच्या वरिष्ठाचा नसतोच. पीए तुमचा वरिष्ठ नाही. मंत्र्यांच्या सूनबाई तर नाहीतच. म्हणून निरोप आला की त्याच दिवशी उपविभागीय अभियंत्यांना चार ओळींचं टिपण द्या: 'आज अमुक वाजता निवासस्थानी पाहणी केली. अमुक यांनी मुख्य दरवाजा दक्षिणेकडून पूर्वेकडे नेण्याची मागणी केली. सध्याची चौकट सुस्थितीत आहे. आदेश व्हावेत.' भाषा एवढीच कोरडी. तक्रारीचा सूर नको, विशेषण नको. जावक क्रमांक घ्या. आता ई-ऑफिस आलंय, तारीख मागेपुढे करता येत नाही, ही तुम्हाला आमच्यापेक्षा जास्तीची सोय आहे.

'सध्याची चौकट सुस्थितीत आहे' हे वाक्य गाळू नका. पुढे कुणी वाळवी लिहायला सांगितलं तर ते आड येईल.

बऱ्याचदा एवढ्यानेच मागणी विरते. मागणाऱ्याला दरवाजा हवा असतो, पण आपल्या नावाचा कागद नको असतो. नाही विरली तर निदान चिपळूणच्या बाईंसारखं कुणी मागणीचं पत्र मागेल तेव्हा फायलीत ते सापडेल. माझ्या फायलीत ते नव्हतं. त्या बंगल्याबद्दल आज कुणी अर्ज केला तर 'अभिलेखावर उपलब्ध नाही' असंच उत्तर जाईल, आणि ते उत्तर खरं असेल.

दोन वर्षांपूर्वी त्या रस्त्याने गेलो होतो. पहाऱ्यावरच्या पोलिसाने थांबू दिलं नाही, पण टॅक्सीतून दिसलं. दार परत पूर्वेला आहे.